दवाखान्यातला जनरेटर वेळेला चालू होईल का?



दर अंकात मी आपल्याशी लागण, खोडवा, बेणेमळा, हुमणी अशा विषयांवर बोलतो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. गेल्या दोन महिन्यांच्या गट-बैठकांत बऱ्याच सभासदांनी एक सूचना मांडली. आपल्या भागातल्या रुग्णालयात लाईट वारंवार जाते, तिथे एक जनरेटर आहे पण त्याचा भरवसा वाटत नाही, तेव्हा कारखान्याने दुसरा मोठा जनरेटर घेऊन द्यावा, अशी ती सूचना. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय येणार आहे.

सूचना मनापासूनची आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण जनरेटर असणे वेगळे आणि तो वेळेला चालणे वेगळे. या दोहोंत किती अंतर आहे ते हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाला ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेख. मी शेतकी पदविकेचा माणूस, इंजिनिअर नव्हे. जे लिहितो आहे ते काही आपल्या कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागातल्या मंडळींकडून समजून घेतलेले आणि काही अंगावर आलेले. अंगावर आलेले आधी सांगतो.

ट्रॅक्टरच्या बॅटरीने वेळ निभावली

दोन वर्षांपूर्वीची, ऐन गाळप हंगामातली गोष्ट. माझे चुलते, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांना दम्याचा जुना त्रास. एका रात्री तो इतका बळावला की शेजारच्या तालुक्यातील एका रुग्णालयात त्यांना श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. पहाटे दोनच्या सुमारास लाईट गेली. यंत्राच्या पोटात स्वतःची बॅटरी असते, पण ती जुनी झालेली. पाच-सात मिनिटांतच यंत्र ओरडायला लागले.

बाहेर शेडमध्ये जनरेटर होता. हिरवा रंग मारलेला, स्वच्छ पुसलेला. वॉचमनने किल्ली फिरवली. 'टक्' असा आवाज आला आणि थांबला. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. सेल्फ काही फिरेना.

आत सिस्टरनी यंत्राची नळी काढली आणि अण्णांना हाताने दाबायची रबरी पिशवी जोडली. दाबायची, सोडायची, की एक श्वास. थोड्या वेळाने त्यांनी ती माझ्या हातात दिली, कारण दुसऱ्या खाटेवरही पेशंट होता. म्हणाल्या, "दादा, घाई करू नका. मनात मोजा आणि सारखं दाबत राहा." बोटे भरून आली तरी मी मोजत राहिलो.

तेवढ्यात माझा चुलतभाऊ रस्त्यावर धावला. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर चालला होता. त्याने आडवे होऊन तो थांबवला. ड्रायव्हरने ऐकून घेतले आणि दुसरे काही न विचारता पाना काढला. म्हणाला, "ऊस दोन तासानं गेला तर काय बिघडत न्हाई. माणसाचं आधी बघा." ट्रॅक्टरची बॅटरी जनरेटरला लावली आणि पहिल्याच किल्लीला इंजिन धडधडले. लाईट गेल्यापासून बावीस मिनिटे झाली होती. अण्णा त्यातून वाचले, आज वस्तीवर बसून आम्हाला पाण्याच्या पाळ्या सांगतात.

उजाडल्यावर मी वॉचमनला विचारले, हा जनरेटर मागे कधी चालवला होता? तो म्हणाला, "गणपतीत चालवलावता की." म्हणजे चार महिन्यांपूर्वी. बॅटरी किती वर्षांची ते कोणालाच सांगता आले नाही. लाखो रुपयांचे इंजिन ठणठणीत होते, अडले ते बॅटरीपाशी.

एक वस्तू नव्हे, साखळी

आपण 'जनरेटर' असा एकच शब्द वापरतो, पण लाईट गेल्यापासून खाटेजवळचे यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत सहा कामे एकामागून एक घडावी लागतात.

१. लाईट गेली हे कुणाला तरी कळले पाहिजे. आपोआप चालणाऱ्या संचात ते काम पॅनेल करते, नाहीतर वॉचमन.
२. बॅटरीने सेल्फ फिरवला पाहिजे.
३. इंजिनाला स्वच्छ डिझेल आणि हवा मिळाली पाहिजे.
४. इंजिन तापून बंद पडू नये म्हणून पाणी, पट्टा, ऑइल ठीक पाहिजे.
५. अल्टरनेटरने पुरेशी वीज तयार केली पाहिजे, आणि तिच्यावर झेपेल एवढाच भार पडला पाहिजे.
६. चेंजओव्हर स्विच बाहेरच्या लाईनीवरून जनरेटरवर वळला पाहिजे.

यातले एक जरी चुकले तरी बाकीच्या पाचांचा उपयोग शून्य. पाटाचे पाणी शेताला येताना एका ठिकाणी बांध फुटला की पुढचा पाट कितीही चांगला बांधलेला असो, सरी कोरडीच राहते, तसेच हे.

आता थोडे गणित. समजा, प्रत्येक काम शंभरातल्या ९९ वेळा बिनचूक होते. ऐकायला फार चांगले वाटते. पण सहाही कामे एकाच वेळी बिनचूक होण्याचा हिशेब मांडला तर तो शंभरात ९४ वेळा एवढा येतो. म्हणजे शंभर वेळा लाईट गेली तर सहा वेळा काहीतरी अडेल. विहिरीवरच्या मोटरीला हे चालेल, रात्रीचे पाणी सकाळी देता येते. खाटेवरच्या माणसाला ते चालत नाही.

मग दोन जनरेटर घेतले तर? दोन्ही संपूर्ण वेगळे असतील तर दोन्ही एकाच वेळी अडण्याचा संभव दहा हजारात छत्तीस एवढा खाली येतो. म्हणजे गट-बैठकांतली सूचना चुकीची नाही. पण 'संपूर्ण वेगळे' या दोन शब्दांत सगळी मेख आहे. दोन्ही एकाच शेडमध्ये, एकाच डिझेलच्या टाकीवर, एकाच चेंजओव्हरवर, आणि दोन्हीकडे न बघणारा माणूसही एकच, असे असेल तर दुसरा जनरेटर म्हणजे नुसती शोभा. ज्या कारणाने पहिला बंद पडेल, त्याच कारणाने दुसराही पडेल.

पाण्याने शिकवलेले धडे

हे फक्त आपल्याकडेच घडते असे समजू नका. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री अमेरिकेत न्यूयॉर्क शहरावर सँडी नावाचे वादळ आले. समुद्राचे पाणी शहरात घुसले. तिथल्या बेलव्ह्यू या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाने जनरेटर तेराव्या मजल्यावर बसवले होते, म्हणजे पुराचा विचार केलेला होता. पण त्यांना डिझेल पुरवणारे पंप तळघरात होते. तळघर भरले, पंप बुडाले. मग माणसांनी जिन्यावर रांग लावून हातोहात तेरा मजले डिझेल चढवले आणि जनरेटर चालते ठेवले. तरीही अखेर रुग्णालय रिकामे करावे लागले. जवळच्याच न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लँगोन रुग्णालयात तर त्याच रात्री पर्यायी वीज बंद पडली आणि सुमारे ३०० रुग्ण बाहेर काढावे लागले. त्यात अतिदक्षता विभागातली २० नवजात अर्भके होती. परिचारिकांनी ती छातीशी धरून जिन्याने खाली आणली. काही बाळांना वाटेत हाताने पिशवी दाबून श्वास दिला जात होता.

पैसा, यंत्रे, इंजिनिअर यांची तिथे काय कमतरता? पण एक कडी खाली राहिली आणि साखळी तुटली.

आपल्या महाराष्ट्रात २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. तिथल्या एका कोविड रुग्णालयाला पाण्याने वेढले, वीज गेली, आणि आठ रुग्ण दगावल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. नदीकाठच्या आपल्या गावांना हे वेगळे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी कुठपर्यंत आले होते त्याच्या खुणा अजून अनेक भिंतींवर आहेत. जनरेटरचा ओटा, डिझेलची टाकी, पॅनेल आणि चेंजओव्हर या चारही गोष्टी त्या खुणेच्या वर आहेत का, एवढे बघायला इंजिनिअर लागत नाही, एक दोरी पुरते.

मुंबईची गोष्ट पाण्याची नव्हे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा वीजपुरवठा एकदम खंडित झाला. लोकलगाड्या जागीच थांबल्या. कोविडचे दिवस, रुग्णालये भरलेली. रुग्णालयांनी जनरेटरवर वेळ निभावली, आणि महापालिकेने किमान आठ तास पुरेल एवढे डिझेल हाताशी ठेवण्याचे आदेश दिले. आठ तास म्हणजे किती, याचा अंदाज सोपा आहे. डिझेल जनरेटर साधारणपणे एका लिटरमध्ये तीन ते साडेतीन युनिट वीज देतो. रुग्णालयाचा तातडीचा भार ताशी ३० युनिट धरला तर तासाला दहा लिटर, आठ तासांना ऐंशी लिटर. टाकीत वीस लिटर असेल तर दोन तासांनी इंजिन घरघर करून गप्प होईल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

किती वेळ थांबता येते?

रुग्णालयातले प्रत्येक यंत्र सारखे निकडीचे नसते. त्याचे तीन भाग करता येतात.

पहिला भाग, क्षणाचाही खंड न चालणारा. श्वासाचे यंत्र, शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा दिवा. जनरेटर कितीही चपळ असला तरी सुरू होऊन वीज द्यायला काही सेकंद लागतातच. अमेरिकेत जीव वाचवणाऱ्या भारासाठी दहा सेकंदांच्या आत वीज आली पाहिजे असा नियम आहे. म्हणजे ते दहा सेकंदसुद्धा बॅटरीनेच भरून काढायचे. म्हणून इथे जनरेटरच्या आधी चांगली बॅटरी किंवा यूपीएस लागतो.

दुसरा भाग, थोडी मिनिटे निभतील असा. नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर, ऑक्सिजन तयार करणारे यंत्र, सक्शन यंत्र, बाळंतपणाच्या खोलीतला उजेड.

तिसरा भाग, तासाच्या हिशेबातला. रक्ताचा आणि लसींचा फ्रिज, पाण्याची मोटर. लसींचा खास फ्रिज दार न उघडल्यास काही तास गारवा धरून ठेवतो.

आपल्याकडे होते काय, की जनरेटर सुरू झाला की ऑफिसचे पंखे, बाहेरचे दिवे, गिझर, एसी सगळेच त्यावर चढते. भार वाढतो, इंजिन दबते, आणि नको त्या वेळी ट्रिप होते. तातडीची लाईन वेगळी काढणे हे दुसऱ्या जनरेटरपेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे.

चाचणी: नुसती किल्ली फिरवणे नव्हे

आपण बेणे घेताना कांडीची जाडी बघून भुलत नाही, डोळे बघतो. तसा जनरेटरचा रंग बघून उपयोग नाही.

पहिली गोष्ट बॅटरीची. अशी बॅटरी बहुधा तीन-चार वर्षे चांगली चालते. जुनी बॅटरी मीटरवर बारा-साडेबारा व्होल्ट दाखवते आणि सगळे ठीक वाटते. पण सेल्फचा भार पडला की ती एकदम खाली कोसळते, आणि 'टक्' एवढाच आवाज येतो. म्हणून नुसते मीटर लावून भागत नाही, सेल्फ मारूनच बघावे लागते. बसवल्याची तारीख बॅटरीवर रंगाने लिहावी.

दुसरी गोष्ट डिझेलची. वर्ष-वर्ष पडून राहिलेल्या डिझेलमध्ये पाणी साचते, शेवाळासारखी घाण धरते आणि फिल्टर चोंदतो. म्हणून डिझेल वापरात फिरते ठेवावे, आणि टाकीच्या तळाचे पाणी वेळोवेळी काढावे.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट, चाचणी भारावर घ्यायची. कित्येक ठिकाणी आठवड्याला पाच मिनिटे इंजिन रिकामे फिरवतात आणि वहीत 'ठीक' लिहितात. त्याने दोन तोटे होतात. एक, डिझेल इंजिन रिकामे चालले की पुरते तापत नाही, न जळलेले तेल आणि काजळी धुराड्यात साठते. रिकामे चाललेले ऑइल इंजिन कसा ओला काळा धूर टाकते ते जुन्या सभासदांनी विहिरीवर पाहिलेले आहे. दोन, साखळीतले चेंजओव्हर आणि भार पेलणे हे तपासलेच जात नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांचा रिवाज असा आहे: महिन्यातून एकदा किमान अर्धा तास, आणि जनरेटरच्या ताकदीच्या किमान ३० टक्के भारावर. शिवाय दर तीन वर्षांनी एकदा सलग चार तास.

खरी चाचणी एकच. डॉक्टरांना आधी सांगून, शस्त्रक्रिया चालू नसताना, यंत्रांवरच्या रुग्णांची काळजी घेऊन, बाहेरचा मेन स्विच खाली ओढायचा आणि हातात घड्याळ धरून उभे राहायचे. किती सेकंदांत दिवे आले ते वहीत लिहायचे. त्या दिवशी अडले तर दिवसाउजेडी, वायरमन हजर असताना अडेल. तसेच अडणे पहाटे दोनला परवडत नाही.

सभेपुढे काय ठेवावे

या सर्वांवरून माझी सूचना अशी आहे. संचालक मंडळापुढे ती मी लेखी दिली आहे. अंतिम निर्णय आपला, म्हणजे सभासदांचा.

१. दुसरा जनरेटर घेण्याआधी असलेला जनरेटर भरवशाचा करावा. नवी बॅटरी, तिला कायम भरलेली ठेवणारा चार्जर, आपोआप चालू होण्याचे पॅनेल आणि चेंजओव्हर.
२. ओटा, टाकी व पॅनेल २०१९ च्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर घ्यावे.
३. बाळंतपणाची खोली, बाळांचा कक्ष आणि श्वासाची यंत्रे यांची लाईन वेगळी करून तिला बॅटरीचा आधार द्यावा.
४. किमान आठ तासांचे डिझेल. त्यासाठी कारखान्याच्या पंपावर रुग्णालयाच्या नावे खाते ठेवावे.
५. महिन्यातून एकदा भारावरची चाचणी. आपल्या इलेक्ट्रिक विभागाचा एक माणूस रुग्णालयाच्या माणसाबरोबर हजर राहील आणि दोघांच्या सह्या वहीत होतील. ही वही बंद हंगामातही बंद पडता कामा नये.
६. एवढे एक वर्ष चालवून दाखवल्यावर, पैसे उरत असतील तर दुसरा जनरेटर. तोही वेगळ्या जागी, वेगळ्या टाकीवर.

नवा जनरेटर दिला की नारळ फुटतो, फोटो निघतो, नावाची पाटी लागते. बॅटरी बदलली आणि वही ठेवली तर पाटी लागत नाही. पण अण्णांच्या वेळी पाटी असलेला जनरेटर मुका उभा होता, आणि अनोळखी ड्रायव्हरची बॅटरी कामाला आली, हे मी विसरू शकत नाही.

घरी पेशंट असेल तर

कोविडपासून आपल्याकडे बऱ्याच घरी ऑक्सिजनचे यंत्र आले आहे. पाच लिटरचे यंत्र साधारण ३०० ते ३५० वॉट वीज घेते. घरच्या १५० अँपिअर-तासाच्या चांगल्या बॅटरीवर ते एकटे चालवले तर तीनेक तास निघतात. टीव्ही, पंखे त्यावर ठेवले तर कमी. म्हणून डॉक्टरांना विचारून एक छोटा सिलेंडर भरून ठेवावा, आणि तो कसा उघडायचा ते घरातल्या दोघांना तरी आले पाहिजे.

घरी छोटा जनरेटर वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. तो बंद खोलीत किंवा ओसरीत चालवू नये, त्याच्या धुरात वास न येणारा विषारी वायू असतो आणि झोपेतच माणूस जातो. आणि चेंजओव्हर न बसवता जनरेटरची वायर घरच्या बोर्डाला जोडू नये. वीज उलटी लाईनीवर जाते आणि खांबावर काम करणारा वायरमन प्राणाला मुकतो. तोही कुणाचा तरी कर्ता मुलगा असतो.

सर्वसाधारण सभेला अवश्य यावे. आपापल्या गटातील रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात जाऊन, तिथल्या डॉक्टरांना भेटून, तीनच प्रश्न विचारून यावेत: बॅटरी कधी बदलली, डिझेल किती तासांचे आहे, आणि भारावर चाचणी मागे कधी घेतली. उत्तरे लिहून आणलीत तर सभेतली चर्चा नेमकी होईल. पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापनावर लिहीन.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी